टांझानियाची गाडी आन् चौसष्ट नंबर

थांबा, हे मला आत्ताच सांगायचंय. घरी जाऊन निवांत लिहीन म्हटलं तर मी लिहिणारच नाही, मी मला ओळखते. चौफुल्याला गाडी बदललीय, खिडकी मिळालीय, शिरूर यायला वेळ आहे. एसटी उडतेय, टायपिंग चुकलं तर सांभाळून घ्या.

दौंडवरून येतेय मी. आमच्या आबांच्या पुण्यानुमोदनाला गेले होते, ते गेल्या महिन्यात वारले. आबा माझे नात्यातले कुणी नाहीत, घरमालक. मी दौंडच्या एका लॅबमध्ये होते, लोकांचं रक्त काढायचं आन् नळ्यांवर नावं चिकटवायची, तवा त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. आज तिथं माई, म्हंजे आबांची बायको, माझ्याशी जे बोलल्या त्यानं माझं डोकं चालेनासं झालंय. पण ते आधी सांगितलं तर तुम्हाला काही कळणार नाही. आधी आबाच सांगावे लागतील.

आबा रिटायर स्टेशन मास्तर. सगळी नोकरी दौंड-मनमाड लाईनच्या बारक्या स्टेशनांवर गेलेली. आन् त्यांना टांझानियाला जायचं होतं. फिरायला नाही, धम्म सांगायला.

मी पण हसले होते पहिल्यांदा, तुम्ही पण हसून घ्या.

झालं होतं असं, की आमच्या विहारात येणारे एक भंतेजी तिकडं जाऊन राहिले होते. इकडचेच, बोलायला एकदम साधे. समुद्राजवळच्या एका गावात त्यांनी पत्र्याचं विहार उभं केलेलं, आन् तिथल्या पोरांना शिकवायला, मोठ्यांना ध्यानाला बसवायला त्यांना एक माणूस हवा होता. चीवर घेतलेलाच पाहिजे असं नाही, संसारी चालेल, पण शिस्तीचा पाहिजे. त्यांनी आबांना विचारलं. आबांच्या दोन्ही पोरी लग्न होऊन गेलेल्या, पेन्शन चालू, गुडघे शाबूत. आबा म्हणाले, तयारी करतो.

आन् मग जी तयारी सुरू झाली ती आख्ख्या गल्लीनं बघितली.

खोली बघायला गेले तवाच मला त्यांनी अट घातली होती. गच्चीवर माझी खोली, आन् टाकीच्या बाजूला एक पत्र्याचं शेड. आबा म्हणाले, "खोली तुझी, शेड बी वापर, कपडे वाळव, काय बी कर. पण दुपारचं ऊन माझं. ते भाड्यात धरायचं न्हाई."

मला वाटलं म्हातारं सटकलेलं आहे. नंतर कळलं. रोज दुपारी जेवून आबा त्या तापलेल्या पत्र्याखाली सतरंजी टाकून बसायचे. पंखा नाही, ओला रुमाल नाही. शेजारी स्टीलची बाटली, तीसुद्धा उन्हात ठेवलेली, कारण तिकडं फ्रीज नसणार. दौंडचा एप्रिल-मे ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. रविवारी मी घरी असले की दार किलकिलं करून बघायचे, जिवंत आहेत का. एकदा बघताना सापडले तर आबा म्हणाले, "हाय, हाय. अजून हाय."

गल्लीतले लोक काय सोडतात होय? समोरचे किराणावाले रोज विचारायचे, आबा, शिजले का? कोपऱ्यावरच्या आत्या म्हणायच्या, दौंडात जलमला, दौंडात म्हातारा झाला, आता ह्याला कसली उन्हाची ट्रेनिंग लागतीय. आबा चिडायचे नाहीत. म्हणायचे, इथलं ऊन ओळखीचं हाय, तिथलं वळख देणार न्हाई.

मग भंतेजींचा फोन आला आन् त्यांनी सांगितलं की आबा, इथलं ऊन तुमच्या दौंडपेक्षा कमीच आहे, फक्त घाम बेकार, कपडे वाळत नाहीत. झालं. दोन उन्हाळे कोरड्या भट्टीत काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी मोरीत बंब पेटवून, दार लावून, वाफेत बसला. आत बसून मोठ्यानं पंचशील म्हणत होते. माई बाहेरून ओरडायच्या, की अवो, मला भांडी घासायचीत, तुमची आफ्रिका आटपा.

पण ह्या सगळ्यापेक्षा भारी होती नंबरची भानगड. ती नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

सिंगल लाईनवर एकच रूळ असतो, दोन्हीकडच्या गाड्या त्याच्यावरूनच जाणार. म्हणून गाडी सोडायच्या आधी स्टेशन मास्तर पुढच्या स्टेशनला फोन करून विचारतो, लाइन क्लियर आहे का. पलीकडचा नुसतं हो म्हणाला तर चालत नाही. त्यानं दोन आकडी एक नंबर द्यायचा. इकडच्यानं तो नंबर परत म्हणून दाखवायचा. तवाच ते पक्कं, तवाच गाडी सोडायची. आन् एकदा दिलेला नंबर खोडायचा, परत वापरायचा नाही. कारण नाहीतर मघाचा हो कुठला आन् आत्ताचा हो कुठला, ह्याचा घोळ होतो. घोळ झाला तर माणसं मरतात. आबांनी आयुष्यभर हेच केलं आन् ते घरी घेऊन आले.

लग्न झाल्यापासून घरात नंबर चालायचा. गॅस बंद केला का? केला, सत्तावीस. आबा म्हणणार, सत्तावीस, आन् मगच पायात चपला घालणार. पोरी शाळेत पोचल्या का? पोचल्या, एक्केचाळीस. नुसतं हो म्हणणं आबांच्या लेखी काहीच नव्हतं. म्हणायचे, हो तर झोपेतला माणूस बी म्हणतो. नंबर द्यायला जागं असावं लागतं. आन् त्या दिवसात दिलेला नंबर त्या दिवसात परत नाही, हा नियम. माईंना तो इतका अंगवळणी होता की भाजी चिरता चिरता बरोबर नवीन आकडा द्यायच्या. मलाही लागण झाली. कामावर निघताना जिन्यावरून ओरडायचे, कुलूप लावलं आबा, त्रेपन्न. खालून आवाज यायचा, त्रेपन्न. खोटं नाही सांगत, तो आवाज आला की दिवसभर बरं वाटायचं. आमच्या घरी असं कुणी उलट म्हणून दाखवत नाही.

आता भांडगावचं सांगते. हे सांगितलं नाही तर तुम्हाला आबा नुसते विनोदी वाटतील.

तिकडची भाषा येत नाही म्हणून आबा मोबाइलवर स्वाहिली शिकत होते. शब्द पाठ करत जिना चढायचे. पण त्यांना काळजी दुसरीच होती. म्हणायचे, शब्द आले तरी ज्याची भाषा आपल्याला कळत नाही त्याच्यासमोर बसायचं कसं, ते शिकलं पाहिजे. म्हणून ते भांडगावला जायचे. हायवेच्या आत वीटभट्टी आहे, तिथं लांबून आलेली कामगार कुटुंबं. त्यांची बोली आबांना कळत नव्हती, आबांची त्यांना नाही. एका सुट्टीला मी पण गेले, मला बघायचंच होतं हा माणूस करतो काय.

काहीच करत नव्हता. खरंच. जयभीम घातला, पाण्याचा कॅन ठेवला, आन् बाभळीखाली मांडी घालून बसले. दोन पोरं आली, एक शेळी आली. आबा त्यांच्या पाटीवर चित्रं काढून देत बसले, इंजिनाची. मी विचारलं, आबा, धम्म कधी सांगायचा? म्हणाले, "आधी त्यांच्या सावलीत बसू तर दे. त्यांनी उठवलं न्हाई, एवढं आज झालं."

तेवढ्यात एक माणूस हात धरून आला. तापलेल्या विटेला हात लागलेला, तळवा भाजलेला. तोंडातनं आवाज नाही. मी बॅगेत मलम शोधतेय आन् आबा उठून त्याच्याजवळ गेले, त्याचं मनगट धरलं आन् म्हणाले, "पोले. पोले."

हा त्यांचा नवीन पाठ केलेला शब्द. तिकडं कुणाला लागलं, कुणी दमलं, कुणाचं माणूस गेलं, की असं म्हणतात. म्हंजे, तुझ्यावर हे आलं, मला दिसतंय. तो माणूस कुठला लांबचा, त्याला स्वाहिली कुठून कळणार? पण तो आबांच्या खांद्याला डोकं लावून रडला. धिप्पाड माणूस. परत येताना आबा माझ्या गाडीवर मागं बसलेले. मग म्हणाले, चुकीच्या देशात बोललो गं. मी म्हटलं, बरोबर पोचलं की. तवा मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस गेला पाहिजे. ह्याला जाऊ दिलं पाहिजे.

जायला अडचण काय होती? काहीच नव्हती. पासपोर्ट झालेला. पुण्याला जाऊन तापाची लस घेतलेली. मच्छरदाणी घेतलेली. माईंनी स्वतः मशीनवर बसून पातळ सुती सदरे शिवलेले, पांढरे, बिनकॉलरचे. फक्त एक राहिलं होतं. माईंनी लाइन क्लियर दिलेली नव्हती.

म्हंजे जावा असं त्या कितीदा म्हणाल्या होत्या. रागानं म्हणाल्या, हसून म्हणाल्या, पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या. पण नंबर दिला नव्हता, आन् आबांनी मागितलाही नव्हता. मला म्हणायचे, घाई करायची नसती. पुढचं स्टेशन तयार झाल्यावर मागायचा.

शेवटी भंतेजी इकडं आले. आबांच्या घरी भोजनदान ठरलं. त्यांचं जेवण दुपारी बाराच्या आत झालं पाहिजे, नंतर ते खात नाहीत, त्यामुळं सकाळपासून घरात पळापळ. मी रजा टाकून नारळ खवायला खाली आलेले. आबांनी आंघोळीला जाताना विचारलं होतं, टाकीची मोटर बंद केली का? माई म्हणाल्या होत्या, केली, चौसष्ट. आबा म्हणाले होते, चौसष्ट. हे मी ऐकलेलं आहे, ध्यानात ठेवा.

विहारातली मंडळी आली, पोरी-जावई आले, बाहेरची खोली भरली. भंतेजी बसले. जेवण वाढायच्या आधी भंतेजींनीच विषय काढला. पावसाळ्याच्या आधी परत जायचंय, तिकीट काढायचं तर आत्ताच, मग येताय ना आबा? सगळे आबांकडं बघायला लागले.

आबा उठले. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. माई पुऱ्या तळत होत्या, घामानं चिंब, बाहेर सगळे थांबलेले, घड्याळ पुढं सरकतंय. आबांनी एकदम ड्युटीवरच्या आवाजात विचारलं, "लाइन क्लियर हाय का?"

माईंनी झारा न थांबवता सांगितलं, "हाय. चौसष्ट."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका जावयानं फोटो काढला. मी पण टाळ्या वाजवल्या, मला तर रडूच आलं.

आबांनी नंबर परत म्हटला नाही.

ते बाहेर आले, भंतेजींसमोर हात जोडले आन् म्हणाले, यंदा नाही जमायचं. बस. कारण नाही, काही नाही. भंतेजी चांगले, त्यांनी ताणलं नाही. माई पुऱ्या घेऊन बाहेर आल्या तवा त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. वाढल्या सगळ्यांना. जेवणं वेळेत झाली.

पाहुणे गेल्यावर मी आबांना गच्चीवर गाठलं. म्हटलं, हे काय केलं तुम्ही?

"वापरल्याला नंबर दिला तिनं," आबा म्हणाले. "सकाळचाच."

म्हटलं, चुकल्या असतील, गडबड होती.

"ती चुकत न्हाई पोरी. जलमात चुकली न्हाई. मन नसलं तवाच माणूस जुना आकडा देतो." मग म्हणाले, "वापरलेल्या नंबरावर गाडी सोडायची न्हाई. समोरनं काय येतंय ते आपल्याला दिसत नसतं."

म्हटलं, मग परत मागा की. जा खाली आन् परत मागा.

म्हणाले, "मागितला तर देईल ती. पर मग तो मी काढून घेतल्याला असंल."

पुढच्या वर्षी भंतेजींबरोबर दुसरंच कुणी गेलं. आबा पत्र्याखाली बसायचे बंद झाले. मच्छरदाणी कुंड्यांवर टाकली, टोमॅटोला चिमण्या टोचायच्या म्हणून. सदरे रोज घालायला काढले, तेच घालून दूध आणायला जायचे. फक्त मोबाइलवर तिकडचं हवामान बघायचं सोडलं नाही. कुणी विचारलेलं नसायचं, तरी सांगायचे, आज तिकडं पाऊस हाय. भांडगावला मात्र जात राहिले. पुढं मला रांजणगावकडं कंपनीत नोकरी लागली, मी खोली सोडली. किल्ली देताना म्हटलं, सगळं सामान काढलं आबा, एकोणनव्वद. त्यांनी नंबर परत म्हटला आन् लगेच आत गेले.

आता आजचं.

कार्यक्रम झाला. फोटोला पांढरी फुलं, मेणबत्त्या, त्रिसरण, पंचशील. भांडगावचे चारपाच जण आले होते, मागं उभे होते, भाषणं कळत नसणार, पण शेवटपर्यंत हलले नाहीत. जेवणं उरकल्यावर माई म्हणाल्या, चल, तुझी खोली बघून ये. गच्चीवर गेलो. कुंड्यांवर मच्छरदाणी तशीच आहे, पार विरलेली. माई शेडमध्ये सतरंजीवर बसल्या. म्हणाल्या, "ह्यास्नी जायचंच न्हवतं बघ. तयारीची हौस नुसती. म्या समद्यांम्होरं नंबर दिला, ह्यांनी उलट म्हनून दावला न्हाई. तवाच म्या वळखलं. लोकांत लाज नको, म्हनून गप ऱ्हायले. परत काढलं न्हाई कवा."

आन् मी, मला खरंच वाटत होतं की त्यांना माहिती आहे, नवरा-बायकोत हे बोलणं कवाच झालं असेल, मी सहज म्हणून गेले, तो वापरलेला होता ना माई.

"काय वापरल्याला?"

म्हटलं, नंबर. चौसष्ट. सकाळी मोटरीला दिला होता तुम्ही.

माईंचे ओठ हलायला लागले, त्या दिवसाची सकाळ आठवत होत्या, एकेक करून, मोटर, गॅस, दूध. मला दिसत होतं. बोलून बसले होते, आता काय उपयोग?

"मंग त्यास्नी वाटलं, म्या मुद्दाम दिला?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार, खोटं बोलणार त्यांच्याशी?

खालून भांडी आवरायचा आवाज येत होता. मग माई म्हणाल्या, "अगं, म्या एक नंबर राखून ठिवला व्हता. पंधरवडा झाला कशाला बी वापरला न्हवता. गॅसला न्हाई, दुधाला न्हाई. ह्यांनी मागितला की कोरा द्यायचा म्हनून. आन् तेल तापल्यालं, भंतेजींचं बाराच्या आत व्हायचं, त्वांडात आलं त्ये..."

पोले म्हणावं असं मनात आलं, पण तो आबांचा शब्द.

मग त्या उठल्या. पदर नीट केला, जिना उतरल्या, मी मागं. बाहेरच्या खोलीत फोटोसमोर उभ्या राहिल्या. फोटोत आबांनी त्यांनीच शिवलेला सदरा घातलाय. माई वळून मला म्हणाल्या, "सकाळपास्नं म्या कुठला नंबर दिला का गं आज? कुणाला बी?"

मी म्हटलं, नाही माई. आज कुणी मागितलाच नाही.

"नीट आठव."

मी नीट आठवलं. म्हटलं, नाही.

मग त्यांनी फोटोकडं बघून तो राखून ठेवलेला नंबर दिला. मोठ्यानं, स्पष्ट, जसा स्टेशनवर देत असतील तसा. तो नंबर मी इथं लिहिणार नाही. आन् मग त्या तशाच उभ्या राहिल्या, वाट बघत. मला आधी कळेना कशाची. मग कळलं. पलीकडून नंबर परत म्हणायचा असतो. त्याशिवाय ते पक्कं होत नाही.

मी म्हटला. आवाज फाटला माझा, पण म्हटला.

माईंनी मान हलवली आन् म्हणाल्या, एसटी चुकंल तुझी, निघ.

शिरूरचे दिवे दिसायला लागलेत, बॅटरी लाल झालीय, मी न वाचताच पोस्ट करतेय. पण तुम्ही मला सांगा. तुमच्या घरात असं झालंय का, की कुणीतरी मनापासून हो म्हणालं आन् ऐकणाऱ्याला तो नकार वाटला? आन् दोघंही एकमेकांसाठी गप्प बसले? झालं असलं, आन् ती दोन्ही माणसं अजून असली, तर खाली लिहीत बसू नका. आधी जाऊन त्यांना विचारा.